चिखलाचा वास असलेला पट्टा

कपाटाच्या तळातून कमरेचा पट्टा काढला, तर त्याला अजून चिखलाचा वास होता. काही वर्षांपूर्वी आईचा माकडहाडाशेजारचा उजवा सांधा दुखायचा. महाडच्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, एकेक उपाय पंधरा दिवस करून बघू, म्हणजे कशाने उतार पडतो ते कळेल. मी त्यासाठी एक वही केली, कशाने किती बरं वाटलं ते लिहायला. आधी मशिनचा शेक झाला, मग उताणं निजून कंबर उचलायचा व्यायाम, मध्येच कोणीतरी सांगितलं म्हणून सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात दोनदा बसवून आणलं. दर वेळी आई एवढंच म्हणायची, "बरं हाय." शेवटी पट्टा दिला. चार दिवसांनी भातलावणीवाल्यांची भाकरी घेऊन शेतावर गेले, तर पट्टा शेजारच्या काकूंच्या कमरेला, लुगड्यावरून आवळलेला, आणि आई त्यांच्याच खाचरात वाकलेली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काल ती आपल्यात आली, आज मला नको जायला? तिची कंबर माझ्याहून जास्त धरते गो." मी विचारलं, मग शेकाने बरं वाटलं होतं ते खोटं? "खोटं नाय. बरं वाटलं म्हणून तर रोज लावणीला येत होते." मी वही त्या दिवशीच बंद केली. आता माझा उजवा सांधा धरलाय. काल त्याच फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं, व्यायामाने जास्त फरक पडला की शेकाने? व्यायाम एकही दिवस धड झाला नव्हता, घरच्या शेतात भात पेरायचा होता. मी म्हणाले, "बरं हाय."