नकाशावर दोन केबली, जमिनीत एकच मोरी

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

आमची कंपनी जिल्ह्यातल्या दवाखान्यांचं नेटवर्क सांभाळते. पूर्वी कदमकाका गावोगावी फिरून राउटर हाताने सेट करायचे. मग मी सॉफ्टवेअर लिहिलं. एक केबल तुटली की ते आपोआप दुसऱ्या केबलवरून वाट काढतं. गेल्या महिन्यात काकांना घरी बसवलं.

आज सकाळी मंडणगडकडे रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली. सॉफ्टवेअरने लगेच वाट बदलली, पण दुसरी केबलही तुटलेलीच! तिकडच्या पेशंटचे रिपोर्ट दुपारपर्यंत अडकले.

शेवटी काकांना फोन केला.

"अगो, दोन्ही केबली रस्त्याखालच्या एकाच पाण्याच्या मोरीखालनं जातायत. मी जाताना लिहून दिलेलं ना!"

दिलं होतं. तो कागद मीच 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल पुढे केला. त्यात लिहिलं होतं, 'जुन्या कर्मचाऱ्याने माहिती दिली नाही.'

मी गुपचूप सही केली.

आत्ता काकांचा मेसेज आलाय, "लाइन चालू झाली काय गो?"

तुम्ही असतात तर काय उत्तर दिलं असतं?