उजेड शेजारी झिरपतो तेव्हा

झोप उडवणारी काळजी आधी सांगते, कारण हे सगळे किस्से तिच्याभोवतीच जमलेत. सुपे गावातल्या आमच्या लॅबमध्ये रोज एखादा घडतो, डबा खाताना पुन्हा सांगितला जातो आणि सांगता सांगता थोडा वाढतो.

आम्ही चिपवर उजेडाचे रस्ते आखतो, केसाहून बारीक. ते फार जवळ आले की एकातला उजेड शेजारच्यात झिरपतो आणि उजेडावरून जाणाऱ्या निरोपांची खिचडी होते. लांब ठेवले तर चिप मोठी होते, ती कोणालाच नको. मीटिंगमध्ये मी बोलून बसले की शेजारचे रस्ते एकसारखे नकोत. एक रुंद, एक अरुंद ठेवू. युक्ती पुस्तकातलीच, तोंड मात्र माझं. सर म्हणाले, "ठीक. तुमच्या भरवशावर चिप बनवायला पाठवतो."

झालं. झोप गेली.

*

मिरजगावला सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, विचारलं की तू करतीस तरी काय. मी झिरपणारा उजेड समजावला. आबा म्हणाले, "म्हंजी आपल्या आळीवानीच की. फोडनी आमची, शिंका शेजारच्याला."

माझ्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड आता हीच आहे.

*

तिथेच आबांनी माझ्या लेकीसाठी, ओवीसाठी, एका बांबूला दोन झोके बांधले होते, अगदी सारखे. ओवी एकावर बसली की रिकामा दुसराही आपोआप हलायचा. मी त्याची दोरी आखूड केली. तो जागचा हलेना! माझ्या रुंद-अरुंद रस्त्यांचंही असंच होवो, म्हणून मी त्या रिकाम्या झोक्याकडे बघतच राहिले.

"बसायचं असंल तर बस की," आबा म्हणाले. "लाजतीस कशाला?"

*

चिप आली. मोजमाप माझी मैत्रीण सलमा करते. गळती शून्य! सरांनी लगेच पेढे मागवले, मी दोन खाल्ले. मग सलमा हळूच म्हणाली की लेझर सुरूच केला नव्हता. आमचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे असंही होतं.

सर तोंडातला पेढा संपवून म्हणाले, "पण गळती नव्हती, हे तर खरंच."

*

लेझर सुरू करून पुन्हा मोजलं. गळती इतकी कमी, की सलमाने विश्वास न बसून सगळं पुसून परत मोजलं. तेवढीच! मला रडू यायला लागलं, तर ती म्हणाली, "रड नंतर. आता पेढे तुझ्याकडून."

घरी आल्या आल्या ओवीला सांगितलं, की आता इकडचा उजेड तिकडे शिरत नाही, ज्याचा त्याच्या घरात राहतो. तिने वरणभात चिवडत विचारलं,

"मग आता जेवताना फोनमधले सर आपल्या घरी येणार नाहीत ना?"