भाऊजींची कायम चालू गाडी

मी दुर्ग स्टेशनाबाहेर आले तेव्हा भाऊजी गाडीत बसूनच हात हलवत होते. माझ्याकडे दोन बॅगा आणि ताईसाठी संत्र्यांची पेटी. ते काही उतरले नाहीत.

"भाऊजी, जरा हात लावा की!"

"साळीबाई, इंजिन चालू आहे. सोडून कसा येऊ? तुमीच या लवकर."

सामान मीच चढवलं. वाटेत चहाला थांबलो, तर भाऊजींनी कप खिडकीतून घेतला. इंजिन घरघरतच होतं.

भिलाई हे पोलाद कारखान्याभोवती वसलेलं गाव. रस्ते रुंद, झाडं थोराड आणि जमीन पोळपाटासारखी सपाट. ढकलून चालू करायच्या गाडीला उतार हवा असेल तर इथे शोधूनही मिळत नाही. हे मला सेक्टर १० मध्ये ताईच्या क्वार्टरवर पोचल्यावर कळलं.

"बॅटरी गेली आहे," ताई स्वयंपाकघरात म्हणाली. "सहा वर्षांची झाली. बदला म्हटलं की चिडतेत."

भाऊजींचा जन्म ब्लास्ट फर्नेसवर गेला. ती भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, नाहीतर आतला रस गोठून बसतो. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी हाच नियम गाडीला लावला.

"चालू भट्टीले हात लावत नाहीत," ते मला म्हणाले.

मी नागपुरात डबे पुरवते, गाडी रोज लागते, त्यामुळे मला राहवलं नाही. बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीनच धरावीत. हिवाळ्यात ती रुसते, पण तिचा जीव घेतो तो उन्हाळा. तीन वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावी. सकाळी स्टार्टर कण्हत फिरला, दिवे पिवळे पडले, टोकांवर पांढरी भुकटी जमली, तर मुहूर्त बघू नये. एवढं सगळं मी सांगितलं. भाऊजींनी संत्रं सोललं.

ताईनं मला बाजूला ओढलं. "उद्या माझ्या श्वेताचा साखरपुडा आहे. मागचं स्थळ कावून मोडलं, माहीत आहे ना? पोरीचा बाप हट्टी आहे म्हणून. उद्या गाडीचा विषय काढू नको, हात जोडते."

सकाळी फरा (तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या) खाल्ला आणि खाली उतरलो. रात्रभर बंद राहिलेली गाडी अर्थातच मेलेली. ढकलायला शेजारी आपणहून आले. सगळे कारखान्यातले, त्यामुळे प्रत्येकाचं निदान आपापल्या खात्याप्रमाणे. कोक ओव्हनवाले म्हणाले, धूर बघा. रेल मिलवाले म्हणाले, चाकं जाम आहेत. बॅटरीचं नाव कोणी काढलं नाही. माझी भाची श्वेता रेशमी साडीत आत बसून बाबांना म्हणत होती, "पापा, आज तो नई बैटरी ले लेते!" सेकंड गिअरमध्ये गाडीनं उचकी दिली आणि आम्ही पळत्या गाडीत बसलो. माझी एक चप्पल सेक्टर १० मध्येच राहिली.

मुलाचं घर दुर्गला, पद्मनाभपुरात. फाटकाच्या आत सिमेंटचा भलामोठा उतार आणि त्यावर एक गाडी, तोंड रस्त्याकडे. अंगणात सपाट जमीन सोडून हा डोंगर कशाला, ते तेव्हा कळलं नाही. भाऊजींनी आपली गाडी बाहेर झाडाखाली लावली. चालूच.

अंगठ्यांचं ताट आलं. तेवढ्यात मुलाचे वडील डोंगरेभाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले, हसतमुखानं आत आले. हातात किल्ली.

"कोणाची गाडी चालूच राहून गेली होती? मी बंद केली."

"बंद केली?" भाऊजी असे उठले की जणू कोणी गेल्याची बातमी आली.

मग सगळं बाहेर आलं. विहीणबाई म्हणाल्या, "मग बॅटरी बदलत कावून नाही?"

"चालून राहिली ना आणखी," भाऊजी म्हणाले.

ताईनं डोळे मिटले. मला दुसरं स्थळही जाताना दिसलं.

डोंगरेभाऊंनी मात्र भाऊजींचा हात धरला आणि थेट उतारावर नेलं. आम्ही मागोमाग.

"माही बॅटरी सात वर्षांची आहे," ते कुजबुजले. "बदलाची काही गरजच नाही. उतारावर ठेवतो, ब्रेक सोडतो, धडकन चालू!"

"अन् फाटकात गाय बसली की दिवसभर घरी," विहीणबाई म्हणाल्या.

भाऊजी त्या उताराकडे देवळाकडे पाहावं तसे पाहत राहिले. "सिमेंट कोणतं वापरलं?"

"ते सोडा, माह्या गाडीले वायर जोडून तुमची चालू करून देतो." डोंगरेभाऊ गाडीत बसले, ब्रेक सोडला. गाडी डौलात घसरली. पण खाली पाहुण्यांच्या स्कूटरी होत्या. त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि गाडी फाटकातच थांबली. मेली. आता आत कोणी येऊ शकेना, बाहेर कोणी जाऊ शकेना.

तेवढ्यात पोचलेले भटजी बाहेरून ओरडले, "मले आत तर घ्या!"

मी बॅटरीवाल्याला फोन लावला. "दोन आणा," म्हटलं. व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भटजींना बोनेटवरून आत घेतलं.

ताई रडवेली होऊन विहीणबाईंना म्हणाली, "यांचा स्वभाव जरा हट्टी आहे हो..."

"माह्याकडे बी हाच नमुना आहे," त्या म्हणाल्या. "पोरगी लहानपणापासून असा बाप सांभाळून राहिली, मले शिकवा लागणार नाही. घाला अंगठी!"

बॅटरीवाला आला तोवर पेढे वाटून झाले होते. त्यानं दोन्ही बॅटऱ्या तपासल्या आणि मान हलवली. नव्या बसवल्यावर दोन्ही गाड्या किल्ली फिरवताच चालू झाल्या. व्याही जरा हिरमुसलेच.

दुसऱ्या दिवशी मी नवी चप्पल घालून नागपूरला परतले. या प्रवासानं शिकवलं ते एवढंच: बॅटरी अर्ध्या तासात बदलते, ती बदलायला माणूस तयार होईपर्यंत एक साखरपुडा लागतो.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मागे गाडी बंद झाल्याचा, मग चालू झाल्याचा, मग पुन्हा बंद झाल्याचा आवाज.

"नवीन बॅटरी आवडली ना भाऊजींना?"

"फार आवडली. सकाळपासून खाली गाडी बंद करून राहिले अन् पुन्हा चालू होते का ते पाहून राहिले."

मी म्हटलं, "त्या बॅटरीवाल्याचा नंबर जपून ठेव."