रुख्माबाईचा सांडवा

रुख्माबाईला मी तेरा वर्षं ओळखत होतो असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर तिच्याबद्दल मला फार थोडं ठाऊक आहे. तिचं माहेर कुठलं, नवरा कशाने गेला, पाच एकर एकटीने करताना तिला कधी धास्ती वाटली का, यातलं काहीच मी तिला विचारलं नाही. मी गावच्या शाळेचा मास्तर. बायकांशी बोलताना मान खाली घालायची सवय होती, आणि पुरुषांसमोरही ती फारशी वर होत नसे. मला गोष्टीसारखं लिहिताही येत नाही. पण तिच्याविषयी कागदावर एकदाच काही लिहिलं गेलं, ते माझ्या हातचं होतं आणि खोटं होतं. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितो आहे. गावाचं नाव घालत नाही. देवळीपासून दोन कोसांवर आहे, एवढं पुरे.

१९७४ साली मी तिथे बदलून गेलो तेव्हा होळीलाच विहिरी तळाला गेल्या होत्या. गाव उतारावर. पावसाळ्यात वरच्या वावरांची माती नाल्यात येई आणि नाला ती यशोदा नदीला नेऊन देई. वर्धेहून सायकलने दत्तोपंत नावाचे एक खादीवाले कार्यकर्ते येत. त्यांनी मारुतीच्या पारावर लोकांना बसवून सांगितलं, नाल्यावर मातीचा बांध गावानेच घालावा, आखणी करून द्यायला ओव्हरसिअर मी आणतो. लोक तयार झाले. अडलं ते सांडव्यावर. बांध भरल्यावर जास्तीचं पाणी बाजूने काढून द्यायला वाट ठेवावी लागते, तो सांडवा. तो ज्याच्या वावरातून जाईल त्याची जमीन जाणार. उजवीकडे सरपंच वासुदेवरावांची काळी जमीन होती. डावीकडे रुख्माबाईचं बरड, म्हणजे मुरमाड, कसाबसा ज्वारीचा वीतभर ठोंब येणारं रान.

पारावर बायकांतून रुख्माबाईचा आवाज आला.

"माह्या वावरातून जाऊ द्या पानी. पन एक लिहून घ्या."

"काय लिहाचं बाई?" वासुदेवराव म्हणाले.

"त्या सांडव्याचं तोंड कोनी बुजवाचं नाई. म्या मेल्यावरबी नाई."

वासुदेवराव हसले. "पान्याचं तोंड कायले बुजवन कोनी? येडी हायेस का?"

"मानसाचा काय नेम, भाऊ? लिहा गुरुजी."

मी बांधाच्या समितीचा चिटणीस झालो होतो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. दुसरं कारण नव्हतं. मी समितीच्या वहीत लिहिलं, तिने अंगठा दिला. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली वासुदेवरावांची.

त्या गावात सोमवारी बैल जुंपत नसत. महादेवाचा वार, जनावराला सुट्टी. तोच दिवस बांधासाठी ठरला. पाडव्यापासून दर सोमवारी घरटी एक माणूस, मजुरी नाही. मीही जाई. पहिल्याच दिवशी रुख्माबाईने मला सगळ्यांसमोर पकडलं.

"गुरुजी, कुदळ हाय ते. खडूसारखी चिमटीत धरू नोका."

प्रेमदास नावाचा एक थट्टेखोर शेतकरी होता, तो म्हणाला, "राहू दे मावशी, त्यायले हजेरी घेऊ दे. मातीचीबी हजेरी लागते."

"मंग तुही गैरहजेरी मांडा म्हना. सकाळधरनं विडीच ओढून राह्यला तू."

दोन उन्हाळ्यांत बांध उभा राहिला. तिसऱ्या वर्षी विहिरींना चैत्रातही पाणी होतं. मग लोक बांधातला सुकलेला गाळ बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून वावरात नेऊ लागले. रुख्माबाईकडे ना बंडी ना बैल. ती दुसऱ्यांच्या कपाशीत निंदण करी आणि त्याच्या बदल्यात गाळाच्या बंड्या आपल्या बरडावर टाकून घेई. असे पाच उन्हाळे. रस्त्याकडेचा तरोटा फुलावर येण्याआधी कापून आणायचा आणि वावरात गाडायचा, सोनखताचा खड्डा शेणाने लिंपून बंद करायचा, पेरणी उताराला आडवी करायची, कपाशीत तुरीची आणि मुगाची ओळ घालायची. तिने कुणाला उपदेश केल्याचं मी ऐकलं नाही. पण हळूहळू गावात वीस-बावीस खड्डे झाले. ती ढेकूळ उचलून चुरडायची आणि नाकाशी न्यायची. प्रेमदास म्हणे, "पाय बरं मावशी, मीठ बरोबर हाय का?" ती म्हणे, "तुह्या वावराची अळणी हाय. खत घाल."

पाचव्या वर्षी तिने मला वाटेत थांबवून वावरात नेलं. खुरप्याने उकरलं आणि स्वतःची वीत उभी लावून दाखवली. वीतभर माती होती, ओली, गांडुळांची. खाली मुरूम.

"पयले बोटभर नवती," ती म्हणाली. मी "छान," म्हणालो आणि शाळेत आलो.

सांडवा साफ ठेवायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक पावसानंतर ती खुरपं घेऊन जाई, झुडपं उपटी, सरकलेले दगड पुन्हा बसवी. बांध गावाचा आणि सांडवा रुख्माबाईचा, असंच सगळे म्हणत. तेव्हा ते कौतुकाने म्हणत.

१९८१ साली ठरलं की मोठे पाहुणे बांध पाहायला येणार आणि पाण्याची पूजा करणार. त्या वर्षी पाऊस बेताचा होता. पाणी सांडव्याच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं होतं, आणि बांधाची वरची दोन हात माती कोरडी दिसत होती. वासुदेवरावांना ते फोटोत बरं दिसेना. त्यांनी युक्ती काढली. सांडव्यात मुरमाची पोती रचायची, म्हणजे दोन सरींत पाणी वर चढेल, पूजा झाली की पोती काढायची. चाळीस पोती लागली. त्यांची तोंडं धरायला मी होतो. वहीतला ठराव मला आठवत होता, पण एवढ्या उत्साहात तो काढणं बरं दिसलं नसतं असं मला वाटलं. रुख्माबाई त्या वेळी गावात नव्हती. नलूच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, बाळंतपणासाठी पुलगावला गेली होती.

पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली. पाणी चढत राहिलं. शेवटी पोळ्याची दुपार नक्की झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाव बैलांच्या मागे असतं. बैल धुवायचे, खांदे हळद-तुपाने शेकायचे. जुंपायचा तर प्रश्नच नाही. त्या दुपारी प्रेमदास शाळेत आला आणि म्हणाला, "मावशी आली पुलगावहून. सांडव्यातली पोती उपटून राह्यली. सरपंच म्हनते, तुमीच जा, तुमचं ऐकते ते."

मी गेलो. कमरेपर्यंत भिजलेली ती पाण्यात उभी होती. अकरा पोती काठावर होती.

"काऊन बुजवलं, गुरुजी?" तिने वर पाहिलं. "म्या लिहून घेतलं होतं ना?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, रुख्माबाई. उद्या पाहुणे येऊन गेले की काढतो."

"वर आभाळ पाहा. त्याले काय सांगू म्या, एक दिवस थांब म्हनू?"

मी आभाळाकडे पाहिलं. आंजी गावाच्या बाजूला काळं होतं. आपल्याकडे येईलच असं काही नव्हतं. मी म्हणालो, "परवा सकाळी मी स्वतः येतो पोती काढायला."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तुमी म्हनता तं ठीक हाय." सरपंचांनी सांगितलं होतं की काढलेली पोती परत रचून या. मी एक उचलायला गेलो. भिजलेलं पोतं मला उचलेना. तेव्हा दुसरं टोक तिने धरलं. अकराही पोती आम्ही दोघांनी मिळून परत बसवली.

संध्याकाळपासून वरच्या अंगाला पाऊस लागला. पोळ्याच्या सकाळी नऊच्या सुमाराला, बैलांची शिंगं रंगवणं चालू असताना, बांध फुटला. डाव्या बाजूने, सांडव्याच्या जरा अलीकडे, जिथून पाणी सरळ रुख्माबाईच्या वावरात उतरतं. माणसं वाचली, जनावरंही. फुलावर आलेली कपाशी तुरीसकट गेली. तिच्या वावरात पांढरा मुरूम दिसू लागला, दुपारच्या उन्हात डोळ्यांना खुपेल असा.

ती वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ती एवढंच म्हणाली, "वीतभर होती."

पाहुणे आले नाहीत. महिन्याभराने सरकारी साहेब आले, बांध का फुटला याचा लेखी खुलासा मागायला. बांध पुन्हा उभारायला मदत मिळणार की नाही ते त्याच्यावर होतं. आदल्या दिवशी वासुदेवरावांनी मला घरी बोलावून मजकूर सांगितला. 'सांडव्याची जागा रुख्माबाई यांच्या मालकीची असून त्याची साफसफाई त्यांच्याकडे होती. त्या परगावी गेल्याने साफसफाईअभावी सांडवा तुंबून बांध फुटला.' जागा तिची होती हे खरं. साफसफाई ती करत होती हेही खरं. ती परगावी गेली होती हेसुद्धा खरं. एक शब्द तेवढा खोटा होता, आणि तोच पूर्ण गावाला सोयीचा होता, कारण पोती भरायला घरटी एक माणूस होता.

मी लिहिलं. एकही खाडाखोड झाली नाही.

पारावर साहेबांनी तो खुलासा वाचून दाखवला. प्रेमदास जमिनीकडे पाहत होता. रुख्माबाई बायकांतून उठली.

"गुरुजी, पयल्या वहीतलं वाचा ना. माह्या अंगठ्याचं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही शाळेत माझ्या पेटीत होती, शंभर पावलांवर.

"ती वही सापडत नाही," मी म्हणालो.

तिने विचारलं नाही की नीट शोधली का. बसली. साहेबांनी तिला अंगठा द्यायला सांगितलं तेव्हा तिने हात पदरात घेतला, तो काढला नाही. "गुरुजीनं लिहिलं ना," ती म्हणाली, "मंग माहा कायले पायजे?"

मदत मिळाली नाही. समितीत एका व्यक्तीचा हलगर्जीपणा झाला असल्याने काम पुन्हा सोपवता येत नाही, असं उत्तर आलं. दत्तोपंत दोनदा आले, मग आले नाहीत. पुढच्या पाडव्याला पहिल्या सोमवारी बांधावर सहा माणसं जमली, दुसऱ्या सोमवारी दोन. त्यांत एक रुख्माबाई. खड्डे हळूहळू केरकचऱ्याने भरले. युरियाच्या थैल्या येत होत्याच, आता त्या भरवशाच्या वाटू लागल्या. सांडव्याचे दगड एकेक करून उचलले गेले. वासुदेवरावांच्या गोठ्याच्या जोत्यात मी त्यांतले काही ओळखले, कारण ते बसवताना मी पाहिले होते.

ती दोन उन्हाळे फुटक्या बांधातला गाळ टोपल्याने आपल्या वावरात नेत होती. आता बंडी कुणी देत नव्हतं. 'बाईनं बांध फोडला' असं पोरं म्हणू लागली होती, माझ्याच शाळेतली. मी त्यांना गप्प बसा म्हणायचो, पण ते खोटं आहे असं मी वर्गात कधी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी तिने वावर मक्त्याने लावलं आणि नलूकडे गेली. ज्याने घेतलं त्याने पेरणी उताराला सरळ केली. बैलांना वळायला सोपं पडतं म्हणून.

माझी बदली झाली. पिपरी मेघ्याला घर बांधलं. ती वही अजून माझ्याजवळ आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, अंगठा तेवढा शाबूत आहे. १९८७ च्या मार्गशीर्षात देवळीच्या बस स्टँडवर मला ती दिसली. गावातल्या कुणाच्या तेरवीला येऊन परत चालली होती. वाळली होती. मी तोंड फिरवणार होतो, पण तिनेच हाक मारली.

"गुरुजी! बरे हा ना?"

"बरा आहे. तुम्ही?"

"हाये. नलूचं पोरगं शाळेत जाते आता." मग समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट करून म्हणाली, "थे पाटी वाचा बरं. पुलगावची हाय का?"

मी पाटी वाचली. "पुलगावचीच आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने मान हलवली. गाठोडं उचललं आणि गाडीकडे गेली, पण चढली नाही. दाराशी कंडक्टर उभा होता, त्याला तिने विचारलं. त्याने काहीतरी सांगितलं. मग चढून खिडकीपाशी बसली आणि मला तिथूनच म्हणाली,

"बरोबर सांगतलं गुरुजी तुमी. पुलगावचीच हाय."

मी म्हणालो, "सांभाळून जा."

"हौ," ती म्हणाली.