चिठ्ठीतला शेवटचा रकाना

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी ग्राहक चळवळीची पत्रकं आली. वडील सोनाळ्याला शिक्षक होते, आणि बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायचे. त्यांच्या घड्या आई घालायची. मी अक्षरं त्यांवरच शिकलो, आणि धडाही: विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, कागद मागा, स्वतः वाचा. तो मला अजून खरा वाटतो. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

मागच्या उन्हाळ्यात आईला सुई ओवता येईना. शेगावला एका दवाखान्यात डोळे तपासून घेतले. तपासणाऱ्यानं आकडे लिहून दिले, बोलला काहीच नाही. शेजारीच चष्म्याचं दुकान. दुकानदारानं चिठ्ठी घेतली आणि फ्रेमा काढू लागला. आई बाकावर बसली होती. मी चिठ्ठी परत मागितली, जरा मोठ्यानंच.

"चिठ्ठी आमची आहे. चष्मा मी ऑनलाइन मागवणार."

"मागवा ना भाऊ," तो म्हणाला. "पण हे पाहा, उजव्या डोयाले काच लावूनबी मायले पुरतं दिसून नाही राह्यलं. नुसत्या चष्म्यानं भागत नाही. मोठ्या डॉक्टरले दाखवा."

"मोठा डॉक्टर तुमच्याच ओळखीचा असेल."

"तुमची मर्जी." त्यानं चिठ्ठी काउंटरवरून सरकवली.

आईला घेऊन मी ताठ मानेनं बाहेर पडलो.

घरी दोन दिवस ती चिठ्ठी घेऊन बसलो. एसपीएच म्हणजे मुख्य नंबर. त्याच्यापुढचं अधिक-उणं चुकलं तर चष्मा वाया. सीवायएल म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे तो वाकडेपणा कोणत्या कोनात आहे ते. अ‍ॅड म्हणजे जवळचं वाचायला वाढवायचा नंबर. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर चिठ्ठीत नव्हतंच. ते मी स्टीलच्या पट्टीनं, आईच्या नाकावर पट्टी टेकवून मोजलं.

"टेलर झाला का बाबू तू?" आई हसली. "बाही जरा ढिली ठेवजो."

"हलू नको माय."

प्रत्येक आकडा मी तीनदा ताडून वेबसाइटवरच्या चौकटींत भरला. चिठ्ठीत शेवटी एक रकाना उरला. नंबराची काच लावल्यावर किती दिसतं, ते त्यात होतं: डाव्या डोळ्यापुढे सहावर सहा, उजव्यापुढे सहावर अठरा. वेबसाइटवर त्याला चौकट नव्हती. मी तो सोडून दिला. सरकारी अर्जात माणसाच्या अडचणीला रकाना नसतो, यावर मी लेख लिहिले आहेत.

चष्मा आला. आईनं पहिल्या झटक्यात सुई ओवली. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या चार गटांवर लांबलचक मजकूर टाकला की आपली चिठ्ठी आपण वाचा, कोणाच्या भरवशावर राहू नका. लोकांनी शाबासकीचे अंगठे टाकले.

पाचएक महिन्यांनी आई उजव्या बाजूनं दाराच्या चौकटीवर आदळली. मग दुसऱ्यांदा. मी तिच्या डाव्या डोळ्यावर हात धरला आणि विचारलं, काय दिसतं?

"तुह्यं डोकं दिसते. आजूबाजूचं काही नाही."

अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायला थेंब, रोज, जन्मभर. मी विचारलं, या पाच महिन्यांत किती गेलं? ते म्हणाले, आधी किती गेलं होतं ते मोजलेलं नाही, तेव्हा सांगता येणार नाही. मग त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. सहावर सहा म्हणजे पूर्ण नजर, सहावर अठरा म्हणजे अपुरी. नंबर बरोबर असूनही डोळ्याला पूर्ण दिसत नसेल, तर खोट चष्म्याच्या पलीकडे आहे. एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

तपासणाऱ्यानं दोन वाक्यं बोलायला हवी होती. तो राग मी सोडणार नाही. पण दोन वाक्यं बोलणारा एक माणूस होता, आणि त्याला मी चोर ठरवलं.

हे आईला सांगायला मला आठवडा लागला. मी थेंबांची बाटली हातात घेऊनच सांगितलं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "मीबी तिथंच होती ना. आयकलं मी त्याचं."

"मग बोलली काऊन नाही?"

"तू एवढ्या जोरात बोलून राह्यला होता. म्हटलं, याले समजत असन."

तिनं मान मागे टाकली. पहिला थेंब गालावर पडला. तिनं पदरानं गाल पुसला आणि डोळा पुन्हा उघडा धरला.