न चाळलेली राख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. राग आलाय. माझाच.

मी बारामतीत सिव्हिल इंजिनिअर आहे. साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून उरते ती राख काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी चालते, हे मी स्वतः तपासलं होतं. चाळून, बारीक दळून, सिमेंटच्या दहाव्या हिश्शाएवढी. चाचणीचे ठोकळे पक्के निघाले. कौतुक झालं — आणि ते मला चढलं.

मग सणसरला अंगणवाडीचं काम मिळालं. स्लॅबच्या दिवशी राख आली ती तशीच, अर्धवट जळलेल्या काळ्या चिपाडासकट. मुख्य गवंडी होते कऱ्हाटीचे तात्या. त्यांनी मूठभर राख चोळून हात माझ्यापुढं धरला.

"मॅडम, ही चाळल्याबिगर न्हाय घालायची. आज ऱ्हाऊ द्या."

काम बघायला पाहुणे यायचे होते. मी थांबणार? सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, इंजिनिअर कोण आहे हितं?"

राखेनं पाणी पिऊन टाकलं, माल कोरडा पडला. पाणी वाढवा — हेही मीच सांगितलं.

टेकू काढले आणि स्लॅब मधोमध वाकला. मुलं अजून बसायला लागली नव्हती, एवढंच. चौकशीच्या बैठकीत मला विचारलं तेव्हा मी — किती सहज! — म्हणाले, "गवंड्यानं पाणी जास्त घातलं."

लगेच माना हलल्या. त्या मानांचाही मला संताप येतो. एकानं तरी तात्यांना विचारावं? पण का विचारतील? माझ्याकडं डिग्री, त्यांच्याकडं थापी. तात्या दाराशीच उभे होते. चपला घातल्या आणि निघून गेले.

त्या पट्ट्यात त्यांना पुन्हा कुणी स्लॅबवर बोलावलं नाही. उतारवयात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागले. आणि मी? मी राखेवर भाषणं देते. त्यात "न ऐकणाऱ्या गवंड्याची" गोष्ट सांगते. लोक हसतात.

गेल्या महिन्यात सुप्याच्या बाजारात तात्या भेटले. नातीला म्हणाले, "ह्या आमच्या मॅडम. लई हुशार हायत." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी इंदापुरात भाषण होतं.

ती गोष्ट मी तिथंही सांगितली.