चुकीच्या जागी पक्कं बसलेलं बोट

मास्तरांकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची वही वेगळी आणि वारही वेगळा. दोघांना एकदम शिकवा म्हटलं की ते विचारत, दोघांच्या मापाचा एकच सदरा शिवता येतो का? हे ऐकून कपडे शिवणाऱ्या ताईंना ते पहिल्याच दिवशी आवडले. पन्नाशी उलटल्यावर ताईंनी हे खूळ डोक्यात घेतलं होतं. आधीच्या दोन शिक्षकांनी वय ऐकूनच हात जोडले होते.

मास्तरांची एक पद्धत होती. तारांखालच्या काळ्या पट्टीवर बोटांच्या जागी ते चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून देत. बोट जागा ओळखू लागलं की त्याचा तुकडा काढून टाकत. पाच महिन्यांनी त्यांनी ताईंच्या तिसऱ्या बोटाचा तुकडा काढला आणि लेकीकडे परगावी गेले ते तीन आठवडे. इकडे ताईंचा धीर सुटला. जन्मभर खुणेवर कात्री चालवलेली बाई बिनखुणेची वाजवणार कशी? त्यांनी दुकानातली टेप घेतली, आठवेल तसं मोजलं आणि गुपचूप नवा तुकडा चिकटवला. मग रोज दुपारी तासभर इमानेइतबारे सराव केला.

मास्तर परतले त्या दिवशी तुकडा नखाने खरवडून, साळसूद चेहऱ्याने ताई वाजवायला बसल्या. तिसरं बोट पडलं आणि मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा पुन्हा वाजवायला सांगितलं, दर वेळी तेवढंच बेसूर. बोट अर्धंच सूत, इंचाचा जेमतेम सोळावा भाग, चुकलं होतं, पण कान ते माफ करत नाही. ताईंनी रडवेल्या होऊन सगळं कबूल केलं आणि व्हायोलिन पेटीत ठेवायला घेतलं. या हातांना आता सुईदोराच बरा, असं म्हणाल्या.

मास्तर चक्क हसले.

"दहा वेळा वाजवलंत, दहाही वेळा बोट त्याच जागी पडलं. तेही खूण नसताना. अहो ताई, हात चोख आहे तुमचा. चुकलं ते माप."

इतकी वर्षं शिवणकामातली ताईंची चूक सगळ्यांनी दाखवली होती. चुकीतला हात कुणी पाहिला नव्हता.

मग मास्तरांनी आपलं व्हायोलिन घेऊन तोच एक सूर लांबवला. ताई बोट केसभर पुढेमागे सरकवत राहिल्या. पाऊण तास एवढंच चाललं आणि मास्तरांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. अचानक सूर भरला. मास्तरांनी नुसतं बोट दाखवलं. वाजवायचा गज जिला लागलाच नव्हता ती ताईंच्या व्हायोलिनची शेजारची तार थरथरत होती.

"सूर जुळला की ती आपणहून बोलते," मास्तर म्हणाले. "मी नसलो तरी ती सांगेल."

ताईंनी पट्टीवरचे उरलेले तुकडे एकेक करून काढले आणि मास्तरांच्या हातावर ठेवले.